निधीआधी सातबारा : गावकामांच्या अनुदानाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही गावाच्या सार्वजनिक कामांसाठी मिळणाऱ्या निधीविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सहा निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्न थोडक्यात मांडले आहेत आणि पत्रलेखकांची नावे व गावे वगळली आहेत. उत्तरे देणारे स्तंभलेखक पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका लहान ग्रामपंचायतीची सरपंच आहे. आमच्या स्मशानभूमीत शेड नाही. पावसाळ्यात प्रेतावर ताडपत्री धरून अंत्यसंस्कार करावे लागतात. ग्रामपंचायतीच्या खात्यावर वित्त आयोगाचे पैसे पडून आहेत, परंतु ते शेडसाठी वापरता येणार नाहीत, असे आमचे ग्रामपंचायत अधिकारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : सरपंचताई, ते अर्धे खरे आहे, आणि ही अर्धी बाजू नीट समजून घेतली तर तुमचा मार्ग मोकळा होईल. १५ व्या वित्त आयोगाचा २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील निधी दोन भागांत येतो. त्यातील ६० टक्के रक्कम बंधित असते, म्हणजे ३० टक्के स्वच्छतेसाठी आणि ३० टक्के पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच खर्च करावी लागते. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून गावाच्या निकडीच्या कामांसाठी वापरता येते आणि त्यात स्मशानभूमी बसते. उदाहरणादाखल वर्षाला १० लाख आले, तर शेडकडे वळवता येण्याजोगी रक्कम जास्तीत जास्त ४ लाख. तुमच्या खात्यावर जे ‘पडून’ आहे ते बहुधा बंधित असावे. म्हणून शिल्लक किती आहे हे विचारण्याऐवजी बंधित किती आणि अबंधित किती, असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी अट आराखड्याची आहे. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली होणाऱ्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम नसेल आणि ते ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवर चढवलेले नसेल, तर पैसे असूनही देयक निघत नाही. पुढील वर्षाच्या आराखड्याची लगबग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सभेत शेडचा ठराव झाला नाही, तर फेब्रुवारीत कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा कालावधी आहे. त्या निधीची विभागणी जुन्या टक्केवारीवरून गृहीत धरू नये, त्या त्या वर्षाचे परिपत्रक पाहूनच आराखडा करावा.

अबंधित रक्कम पुरत नसेल तर जिल्हा वार्षिक योजनेत ‘ग्रामपंचायतींना जनसुविधेसाठी विशेष अनुदान’ ही योजना आहे. दहनभूमी, दफनभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालयाची इमारत ही तिची मुख्य कामे. प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो आणि निधी जिल्हा नियोजन समितीकडून येतो. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांचे लेखाशीर्ष २५१५ हेही तुम्ही ऐकले असेल. कार्यालयांत त्याला नुसते ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. त्यासाठी मात्र आमदारांचे पत्र लागते.

आता पैशांहून महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या पत्रात स्मशानभूमीच्या जागेचा गट क्रमांक नाही, आणि माझी शंका तिथेच आहे. माझ्या नोकरीच्या काळात एका गावाचे शेड मंजूर झाले, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली, कार्यारंभ आदेशही निघाला. जेसीबी ओढ्याकाठी पोहोचला त्या दिवशी एक तरुण सातबारा घेऊन उभा राहिला. जागा त्याच्या आजोबांनी तोंडी दिली होती. गाव साठ वर्षे तिथेच दहन करत होते, परंतु कागदोपत्री ते तीन गुंठे अजून त्याच्याच नावावर होते. तरुण काही वाईट नव्हता. वाटणीचा दावा न्यायालयात असताना त्याला सही देता येत नव्हती, एवढेच. मार्चअखेर ती रक्कम परत गेली. आजही ते गाव ताडपत्रीच धरत असेल.

म्हणून आधी सातबारा काढा. जागा गायरान किंवा अन्य सरकारी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी ती दहनभूमीसाठी नेमून देऊ शकतात. तहसीलदारांमार्फत त्याचा प्रस्ताव करावा लागतो. जागा खासगी असेल तर नुसत्या स्टॅम्पपेपरवरील संमतीपत्रावर विसंबू नका. स्थावर मिळकतीचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होते. बक्षीसपत्र झाले की फेरफार ओढून घ्या आणि ग्रामपंचायतीचे नाव लागलेला उतारा प्रस्तावाला जोडा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाला मंदिरापुढे सभामंडप बांधायचा आहे आणि पखवाज, टाळ व ध्वनिक्षेपक घ्यायचे आहेत. खासदार निधीतून मंडळाच्या नावे धनादेश मिळू शकेल का?

उत्तर : नाही. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. सुचवता येतात, वाटता येत नाहीत. काम जिल्हा प्रशासनाने ठरवलेली यंत्रणा करते, पैसा मंडळाच्या खात्यावर येत नाही. धार्मिक स्थळाच्या आवारातील व धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवरील काम या योजनेत निषिद्धच आहे. ग्रामपंचायतीच्या जागेवर, सर्वांना खुले असे समाजमंदिर बांधावयाचे असेल तर त्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्या. पखवाजासाठी मात्र वर्गणी काढणेच उत्तम, आणि भजनी मंडळाला ती कला शिकवायला नको.

प्रश्न : आमचे गाव औद्योगिक वसाहतीपासून आठ किलोमीटरवर आहे. गावचा पाझर तलाव गाळाने भरला आहे. आम्ही पंधरा-वीस तरुणांनी मंडळ स्थापन केले आहे, नोंदणी अजून झालेली नाही. कंपन्यांना सामाजिक कामासाठी पैसे खर्च करणे बंधनकारक असते, असे ऐकतो. आम्ही अर्ज कसा करावा?

उत्तर : बंधन आहे, परंतु ते सर्वच कंपन्यांना नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची आधीच्या आर्थिक वर्षातील नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामविकास तसेच माती-पाण्याचे संवर्धन ही कामे आहेत, आणि कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कलमातच म्हटले आहे. तेव्हा आठ किलोमीटरवरचा तलाव कंपनीला सांगण्याजोगा आहे.

अडचण मंडळाची आहे. बाहेरच्या संस्थेमार्फत हा खर्च करायचा तर ती संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी लागते. प्राप्तिकर कायद्याखालील धर्मादाय संस्था म्हणून करमाफीची आणि देणगीदाराला करसवलत देणारी अशा दोन नोंदण्या (१९६१ च्या कायद्यातील १२अ व ८०ग) तिच्याकडे असाव्या लागतात, तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ हा सामाजिक दायित्वाच्या कामासाठीचा नोंदणी अर्ज भरून तिने क्रमांकही घेतलेला असावा लागतो. याचा अर्थ, तुम्ही उद्या सात जण मिळून सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवली, तरी हा पैसा तुमच्या हाती लगेच येणार नाही. ‘महिन्याभरात नोंदणी करून निधी मिळवून देतो’ असे सांगत फिरणारे मध्यस्थ प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना दिलेले पैसे गाळात गेले असे समजा. नोंदणी जरूर करा, परंतु ती पुढच्या दहा वर्षांसाठी. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, हा संसार सांभाळावा लागतो. तूर्तास जलसंधारणात काम करणारी जिल्ह्यातील एखादी जुनी संस्था गाठा. पैसा कंपनीचा, हिशेब त्या संस्थेचा आणि अंगमेहनत व देखरेख तुमची, अशी वाटणी लेखी करून घ्या.

त्याआधी शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना पाहा. ती २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२३ च्या निर्णयात यंत्रसामग्री व इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये, आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्याला गाळ वाहून नेऊन पसरवण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये धरले आहेत. शेतकऱ्याची मर्यादा अडीच एकरांपर्यंत, ३७,५०० रुपये आहे. तलावातून फक्त गाळ काढायचा असतो, वाळूला हात लावता येत नाही. तलाव कोणाच्या ताब्यात आहे तेही पाहा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात.

कंपनीकडे जाताना ‘आपण थोर समाजसेवक आहात’ असे पत्र नेऊ नका. तिथल्या अधिकाऱ्याला आकडे हवे असतात आणि ते तुम्हाला गावातच मिळतात. एक एकर रानावर दहा सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर सुमारे ४०० घनमीटर गाळ लागतो. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास धरला तर एकरी सुमारे १४० खेपा होतात. आता गावात फिरून किती शेतकरी किती एकरांवर गाळ घेणार, त्यांच्या किती ट्रॉल्या आहेत, डिझेल कोण घालणार, हे वहीत लिहा आणि प्रत्येकाची सही घ्या. मागणी ३० एकरांची निघाली तर १२,००० घनमीटर गाळाला गिऱ्हाईक आहे हे सिद्ध झाले. पोकलेनचा खर्च त्यावरून निघतो आणि कंपनीकडे मागायची रक्कमही. ज्या गावांत ही यादी आधी होत नाही, तिथे काढलेला गाळ काठावरच राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा तलावात उतरतो. अशा गाळाच्या टेकड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तळाचा खडक वा मुरूम लागेपर्यंत खोदण्याचा मोहही आवरा, नाहीतर पाणी थांबण्याऐवजी तळातून निघून जाते.

हे सर्व दिवाळीपर्यंत तयार ठेवा. गाळ मार्च ते मे या काळातच निघतो, आणि कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपत असल्याने त्या वर्षाचे पैसे तोपर्यंत कुठे ना कुठे लागलेले असतात.

प्रश्न : आमचा महिला बचतगट आहे. नळयोजनेसाठी घरटी अडीच हजार रुपये लोकवर्गणी मागत आहेत. पाणी देणे सरकारचे काम आहे, मग वर्गणी कशासाठी? आमच्या गटातील काही जणींची ऐपतही नाही.

उत्तर : ताई, हा राग जुना आहे. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात ‘जलस्वराज्य’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हाही १० टक्के वर्गणीवरून ग्रामसभा गाजल्या होत्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे आणि गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के वाटा गावाने उचलावा अशी अपेक्षा आहे. डोंगराळ व वनक्षेत्रातील गावे, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेली गावे यांच्यासाठी तो ५ टक्के आहे. गावांतर्गत खर्च ६० लाख आणि घरे २४० असतील तर घरटी अडीच हजार येतात, म्हणजे तुमच्याकडे मागितलेला आकडा वरवर पाहता हवेतला नाही. तरी अंदाजपत्रक मागून स्वतः भागाकार करा.

वर्गणी रोखच द्यावी असे नाही, श्रम आणि साहित्याच्या रूपानेही देता येते. चर खोदण्याची मजुरी वर्गणीत धरावी, असा ठराव ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी करून घ्या. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असणे आवश्यक आहे, आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ती कागदावर उरकली जात असेल तर यंदा तुम्ही सगळ्या जणी जाऊन बसा.

आता माझे मत. वर्गणी सक्तीची असावी की नाही यावर दोन पक्ष आहेत आणि निराधारांकडून ती मागणे मलाही रुचत नाही. परंतु योजना बंद पडताना मी पाहिल्या त्या बहुतेक पाइप फुटल्याने नव्हे, तर वीजबिल थकल्याने. टाकी नवी कोरी, नळ चकचकीत आणि पंपघराच्या दारावर कुलूप. तेव्हा अडीच हजारांवर वाद घालायला हरकत नाही, परंतु त्याच सभेत महिन्याचे वीजबिल किती, पंप चालवणाऱ्याचा पगार किती, पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती लागते आणि त्यासाठी घरटी पाणीपट्टी किती बसते, हेही फळ्यावर लिहून घ्या. काम पूर्ण करून योजना चालवून दाखवणाऱ्या गावाला आकस्मिक दुरुस्तीसाठी फिरता निधी देण्याची तरतूद मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. समितीला तिच्याविषयी विचारा.

प्रश्न : आमचा पाडा अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) निधी ग्रामपंचायतीच्या गावातच खर्च होतो, पाड्याला काही मिळत नाही. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा करता येते का?

उत्तर : येते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत वस्ती किंवा पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची पद्धत दिली आहे. पाड्यातील मतदारांच्या ठरावापासून तिची सुरुवात होते आणि प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. त्यातून पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारण अशा चार गटांत खर्च करता येतो. गाव घोषित होईपर्यंत थांबू नका. निधी ग्रामपंचायतीतील गावांना व पाड्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावा, अशी मागणी आजच लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. कोकणातील ज्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकले, तिच्या स्वच्छतागृहांसाठी आम्ही काही माहेरवाशिणी मिळून पैसे पाठवू इच्छितो. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर थेट पाठवले तर चालेल का?

उत्तर : आधी एक विचारतो, तुमच्यापैकी कोणाकोणाचा पासपोर्ट भारतीय आहे? परदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१० मध्ये सारा भेद नागरिकत्वाचा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र तसे ठरते, मग तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असो वा मनात कितीही कोकण असो. दोघींचे पैसे एकत्र करून एकाच खात्यातून पाठवलेत तर हिशेबाचा गुंता होईल, आणि तो निस्तरायला बिचारे मुख्याध्यापक सापडतील.

भारतीय नागरिक असलेल्या मैत्रिणींनी आपली देणगी पासपोर्टच्या प्रतीसह, मुख्याध्यापक व समितीशी पत्रव्यवहार करून, पावती घेऊन द्यावी. बाकीच्यांनी या कायद्याखाली नोंदणी असलेल्या आणि शाळांत काम करणाऱ्या संस्थेकडे जावे. अशा संस्थेला परदेशातून येणारी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम तिला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे स्वच्छतागृह तिनेच बांधून द्यावे लागेल. पैशांऐवजी वस्तू पाठवली म्हणून नियम बदलत नाही.

पाठवण्याआधी शाळेला एक फोन करा आणि स्वच्छतागृहापर्यंत पाणी येते का ते विचारा. कोकणात मार्चनंतर विहिरीचा तळ दिसू लागतो. नळ कोरडा असेल तर नव्या फरशीचे स्वच्छतागृह एप्रिलपासून कुलूपबंद होते आणि मुली पुन्हा घरी धावतात. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये मिळते. खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता हे सारे त्यातच भागवायचे असते. त्यामुळे तुमच्या देणगीतील काही भाग साठवण टाकी, पन्हळीचे पाणी टाकीत सोडणारी नळी आणि किमान तीन वर्षांची सफाईची मजुरी यांसाठी राखून ठेवा आणि तसे देणगीपत्रातच लिहा. समितीतील तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पत्राची एक प्रत त्यांच्या अध्यक्षांनाही पाठवावी.